माझ्या डावीकडचे शून्य

मी एक जुना स्वल्पविराम आहे. पत्र्याचा, तांबडा, शेपटीशी जरा गंजलेला.

चहाचे पाणी उकळायच्या फुटक्या समोवारच्या झाकणातून लोहाराने मला कापले. नारीन खोऱ्यातल्या हवामान कचेरीच्या भिंतीवर एक फळा होता. त्याच्या खिळ्यांवर पत्र्याचे आकडे टांगत आणि मध्ये मला. घाटमाथ्यावर किती मीटर बर्फ उरले आहे, ते आम्ही सांगायचो.

मित्रांनो, तुमच्याकडे माझी भावंडे हजार आणि लाख वेगळे करतात. आमच्याकडे ते काम रिकाम्या जागेचे. ती बोलत नाही, नुसती मध्ये उभी राहते. मी पूर्ण मीटर डावीकडे ठेवतो आणि उरलेसुरले उजवीकडे. तुमच्याकडे हे टिंब करते.

वसंतात मेंढपाळ घोड्यावरूनच फळा बघत. त्यांचा नियम एकच.

० , ४

माझ्या डावीकडे शून्य असेल, तरच कळप उन्हाळी कुरणांकडे न्यायचा. "शून्य आलं रे!" अशी आरोळी उठे. मग कोणी ना कोणी खोगिरावरून वाकून मला बोट लावी. बोटांना कुमिसचा, म्हणजे घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा, आंबूस वास असे. काय दिवस होते ते!

मग संगणकाचा पडदा आला.

फळा उतरला. मी कोठीत, तुटक्या लगामांखाली. कचेरीची प्रमुख झुराकान आता संगणकावर अहवाल करू लागली. प्रत्येक घाटाचा एक रंगीत स्तंभ. मला तिचा राग आला नाही. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून तिनेच मला कितीदा टांगले होते.

एका सकाळी कोठीच्या उघड्या दारातून तिच्या धाकट्या भावाचा, कुबातचा, आवाज आला. थोरल्या बहिणीला तो एजे म्हणे.

"एजे, कळप काढतो गं. अक-बेल घाट मोकळा झाला. बघ, स्तंभ जमिनीला टेकलाय. तेवीस. सेंटिमीटरच असणार."

"आणि कोक-अशूचा छताला भिडलाय! साडेअठराशे?"

"तिकडे आभाळच कोसळलं असेल. मला काय, मी थोडाच तिकडून जातोय?"

"बरं, जा. कोकरं लहान आहेत, सांभाळ." मग सवयीने ती म्हणाली, "डावीकडचं शून्य बघितलंस ना?"

"एजे, म्हातारी झालीस तू! पडद्यावर स्वल्पविराम आहेच कुठे?"

दोघे हसली. आणि झुराकान हसता हसता थांबली.

ती कोठीत धावली. लगाम भिरकावले. मला उचलून तिने पडद्यावर धरले, दोन आणि तीनच्या मध्ये.

२ , ३

दोन मीटर तीस सेंटिमीटर. घोडा बुडेल एवढे. कोकरांचे तर नावच नको.

यंत्र परक्या रीतीने लावलेले होते. मला ते हजारांचा राखणदार समजे आणि उचलून फेके. अक-बेलचे २,३ झाले तेवीस. कोक-अशूचा निरीक्षक मिलिमीटरपर्यंत मोजणारा. त्याचे १,८५० झाले अठराशे पन्नास. त्या एका स्तंभापुढे बाकी सगळे भुईसपाट.

कुबात बाहेर गेला. त्याने घोड्याचे खोगीर उतरवले. "बरं झालं विचारलंस," एवढेच तो म्हणाला.

झुराकानने यंत्राला आमची रीत शिकवली. स्तंभ नव्याने उभे राहिले. आता अक-बेलचा सर्वांत उंच होता.

मित्रांनो, आकड्यांचे चित्र काढाल तेव्हा आकडा कोणत्या घरून आला आहे, ते आधी विचारा. त्याच्या घरी हजार कोण वेगळे करतो, अपूर्णांक कोण, हे चित्राखाली लिहा. आम्ही चिमूटभर आहोत, पण आम्हाला कचरा समजून झटकू नका. चित्र बघून कोणीतरी वाटेला लागणार असतो.

आता मी पडद्याशेजारी एका खिळ्यावर असतो. एकटाच. आजूबाजूला आकडे नाहीत.

बर्फ उतरले तेव्हा कुबात आत आला. त्याने पडदा पाहिला, बहिणीकडे पाहिले. मग खडू घेऊन भिंतीवर, माझ्या डावीकडे, एक वाटोळे काढले.

"शून्य आलं, एजे."

जाताना त्याने मला बोट लावले. बोटाला कुमिसचा वास होता.

० ,