जिभेवरचा हिरवा किडा

बासष्टच्या नोव्हेंबरात, चीनशी लढाई चालू असताना, यवतमाळात कुणी चिनी मातीची बशी फोडली तरी टाळ्या पडत. अशा दिवसांत दीनानाथच्या नशिबी खरोखरच्या चिनी वस्तू सांभाळणं आलं. वाचनालयाच्या माडीवरच्या लहानशा संग्रहालयाचा तो रखवालदार म्हणा, व्यवस्थापक म्हणा, सगळं एकटाच. शांघायला नोकरी करून आलेल्या एका डॉक्टरनं संग्रहालयाला दिलेलं काशाचं तिपायी भांडं त्यानं जुन्या देवळांच्या घंटांमागे ढकललं. त्यानंच दिलेला जेड या हिरव्या दगडाचा किडा मात्र घरी आणून देवघरात देवांमागे ठेवला आणि वाचनालयाच्या कमिटीला सांगून टाकलं, चिनी माल नागपूरला पाठवला. भित्र्या माणसानं खोटं बोलू नये, त्याला ते पचत नाही. दीनानाथची झोपच उडाली.

किडा बोटाच्या दोन पेरांएवढा, फिकट हिरवा, पंख मिटलेला. दोन हजार वर्षांपूर्वी चीनमध्ये मेलेल्या माणसाच्या जिभेवर असा किडा ठेवत. जमिनीतून वर येऊन कात टाकणाऱ्या किड्यासारखा माणूसही पुन्हा उठेल, ही आशा. हे दीनानाथनं घरात कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही.

आठवड्याच्या आत आई गेली. तिरडी बांधून होत आली तेव्हा ओलं धोतर नेसून तो देवघराशी नमस्काराला वाकला. देवांमागे काहीच नव्हतं.

"शुभदा, इथला हिरवा दगड?"

"आईंच्या तोंडात ठेवला मी, तुळशीच्या पानासोबत," शुभदा डोळे पुसत म्हणाली. "सोन्याचा कण ठेवावा लागते न? घरातलं सोनं तर तुम्ही संरक्षण फंडात देऊन आले. देवाजवळ आहे म्हणजे रत्नच असेल, असं वाटलं. रिकाम्या तोंडानं कशी पाठवू त्यांना?"

बाहेरून कळंबचा नंदकिशोरमामा, आईचा धाकटा भाऊ, हाका मारत होता, "दिना, काहून थांबला? चाल!"

विस्तवाचं मडकं धरून पुढे चालताना दीनानाथच्या डोक्यात एकच घोळत होतं. जाळात जेड तडकणार. काढून घ्यावा तर मागच्या लोकांतले अर्धे परवाच चिनी पुतळा जाळून आलेले. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आई गेल्याचं रडू अजून आलंच नव्हतं, याची लाज वाटून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चितेवर शेवटचं पाणी पाजताना तो आईवर अगदी ओणवा झाला. जबडा आवळत चालला होता. "माफ कर," तो पुटपुटला आणि दोन बोटं आत घातली. किडा हाती आला. आता ठेवायचा कुठं? वर उघडं अंग. कनवटीला खोचावा तर ओलं धोतरच घसरत होतं. तोवर भटजींनी पाण्याचं मडकं पुढे केलं. दीनानाथनं तोंड पुसल्यासारखं केलं आणि किडा स्वतःच्या जिभेवर ठेवला. तुळशीची चव आली.

अग्नी दिला. मडकं खांद्यावर घेऊन फेरे झाले, मागं टाकून मडकं फोडलं. पुढचं मात्र त्या गडबडीत त्याच्या ध्यानातच राहिलं नव्हतं.

"आता बोंब मारा," भटजी म्हणाले.

मुलानं पालथा हात तोंडावर मारत मोठ्यानं बोंब मारायची, ही रीत. दीनानाथनं हात वर नेला. ओठ उघडले की किडा सगळ्यांसमोर राखेत पडणार. हात नुसताच ओठांवर आपटत राहिला.

"एकडाव तरी मायले हाक मार ना, दिना!" मामा कळवळला. "तिले असं मुक्यानं धाडतं काय?"

जाळ चढला, आईचा पदर पेटला आणि नेमकं तेव्हाच सकाळपासून अडलेलं रडू त्याच्या गळ्याशी आलं. त्यानं दात घट्ट आवळले.

"पोरगं भलतंच दगडाच्या काळजाचं निंगालं," मागं कुणीतरी म्हणालं.

शेवटी मामाच पुढं झाला आणि त्यानं ताईच्या नावानं बोंब ठोकली. तिचा एकुलता एक मुलगा शेजारी तोंड मिटून उभा होता.