सगळं चुकवून मिळालेली शाबासकी

दिवसभर सराव पाठ घेऊन तिचा घसा बसला होता. शिक्षक व्हायचं शिक्षण चालू होतं, आणि आता कॉलेजच्या संगणक खोलीत बसून अपूर्णांक शिकवणाऱ्या एका ॲपला गुण द्यायचे होते. जोडीला होती घाईबाई. हे नाव तिला वर्गानेच ठेवलेलं.

"रंग छान, आवाज छान, मुलं रमतात. दे पैकीच्या पैकी आणि चल घरी," घाईबाई पर्स खांद्याला अडकवत म्हणाली.

"एकदा शेवटपर्यंत खेळून तरी बघते."

खेळायला बसली खरी, पण डोळे मिटत होते. अर्धा मोठा की एक तृतीयांश? बोट भलतीकडेच पडलं. पडदा जरासा हलला आणि पुढचा प्रश्न आला. तोही चुकला. मग तिने मुद्दामच सगळं चुकवत नेलं. शेवटी टाळ्या वाजल्या, फुगे उडाले. 'शाब्बास! तुला अपूर्णांक येतात!'

घाईबाई पोट धरून हसली. तिला मात्र हसू येईना. सकाळीच शाळेत एका मुलीने हा खेळ पुरा केला होता, आणि आपणच कौतुकाने तिची पाठ थोपटली होती.

दुसऱ्या दिवशी तिने त्या मुलीला जवळ बसवलं. "कागदाचा अर्धा भाग मोठा की तिसरा हिस्सा?"

"तिसरा. दोनापेक्षा तीन मोठे ना, बाई?"

"मग काल खेळात कसं जमलं?"

"काहीही दाबलं तरी पुढे जातंच की!"

कॉलेजात गणिताच्या मॅडमनी तिचं ऐकून कपाळ चोळलं. "अगं, सगळ्या वर्गाने याला डोक्यावर घेतलंय. तुलाच बरी खोट सापडली?"

"तुम्हीच चुकवून बघा ना, मॅडम."

मॅडमनी चष्मा चढवला. टाळ्या वाजल्या तशा त्या खुर्चीत मागे रेलल्या. चष्मा काढून म्हणाल्या, "सगळ्यांनी पुन्हा तपासा. या वेळी मुलांना शेजारी बसवून."

वर्गात एकच ओरडा झाला. घाईबाई करवादली, "विकतचं दुखणं घेतलंस, वर आम्हालाही वाटलंस!"

ऐकून घेत तिने कागद आवरले. पाय दुखत होते, घरी स्वयंपाक व्हायचा होता.

पुढच्या दुपारी शाळेत घाईबाई फुरंगटूनच एका मुलाशेजारी फरशीवर बसली. त्याने उत्तर दाबलं, बरोबर आलं. ती पुढे सरकणार, तेवढ्यात थांबली. "का रे, हेच का?"

मुलगा डोकं खाजवू लागला. घाईबाई वाट बघत राहिली.

पलीकडे ती मुलगी फाडलेला तिसरा हिस्सा अर्ध्या कागदावर ठेवत होती, उचलत होती, फिरवून पुन्हा ठेवत होती. तिसरा हिस्सा लहान, हे तिला पटत नव्हतं. तिला शेजारी घेऊन बसलेली तिची बाई जांभई दाबत म्हणाली, "हं, परत लावून बघ."