पाचच मिनिटं

"अगं सपना, पोराला ताट धुवायला लावतीस व्हय? घरात इतक्या बाया हायेत, मेल्या का सगळ्या?"

जनकाबाईंचा आवाज ओसरीवरून नळापर्यंत आला. नळाखाली आठ वर्षांचा प्रज्ञेश आपलं ताट राखेनं घासत होता. आजीचं बोलणं ऐकून तो थांबला नाही, फक्त आईकडं बघून हसला.

"जित्या हायेत म्हणूनच, आत्याबाई," सपना म्हणाली. "त्यांचेबी हात दुखतात."

"ह्या असल्या येगळेपणानंच घरं फुटतात बघ."

त्या घरात फुटणं हा शब्द शिवीसारखा वापरला जायचा. आखाडा बाळापूरच्या अलीकडचं ते गाव लोकांना ठाऊक होतं ते जळबांच्या घरामुळं. चौतीस माणसं आणि एक चूल. सपनाचे सासरे जळबा लहानपणी सहा भावंडांत भाकरीच्या तुकड्यासाठी भांडलेले. भाऊ वेगळे झाले आणि मातीला मिळाले, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून त्यांनी पाच पोरांना मजुरी करून शिकवलं, शेती घेतली आणि कुणाला वेगळं होऊ दिलं नाही. यात खोटं काही नव्हतं. खोटं नंतर सुरू झालं, धाकट्या मुलानं, म्हणजे सपनाच्या नवऱ्यानं, प्रमोदनं मोबाईलवर 'एकच चूल' नावाचं चॅनल काढल्यावर.

चॅनल चाललं. पाहुणे यायला लागले. कुणी प्राध्यापक, कुणी पुढारी, कुणी नुसतेच कौतुकानं आलेले. जितकं नाव मोठं, तितके पाहुणे जास्त. जितके पाहुणे जास्त, तितक्या भाकरी जास्त. आणि भाकरी कोण करणार? नावाला जळबा होते, चुलीला पोरी होत्या.

घरात दोन गॅस होते. पण व्हिडिओत गॅस शोभत नाही म्हणून पाहुण्यांच्या दिवशी चूलच पेटायची, ओली लाकडं असली तरी. व्हिडिओत सगळं घर एका पंगतीला जेवताना दिसायचं. "बघा, बाई-पुरुष भेद नाही," असं प्रमोद मागून बोलायचा. मोबाईल बंद झाला की बायका वाढलेली ताटं उचलून आत न्यायच्या आणि पुरुषांचं आटोपल्यावर गारढोण कालवणासोबत खायच्या. हे कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. अंगवळणीच पडलं होतं.

सगळ्यात गाजलेला व्हिडिओ होता उत्पलाचा. ती सपनाच्या मोठ्या जावेची, नर्मदाबाईंची मुलगी. एकोणीस वर्षांची, बारीक, सतत खोकणारी. तिच्या हातातून भाकरी अशा फिरायच्या की बघणारा बघतच राहायचा. लाखो लोकांनी तो पाहिला होता. खाली लोकांनी लिहिलं होतं, 'ही खरी संस्कारी मुलगी', 'आजकालच्या पोरींनी शिकावं', 'सून असावी तर अशी'. एकानंही विचारलं नव्हतं की बाई, तू कितवीला आहेस?

ती कितवीलाच नव्हती. नववीच्या वार्षिक परीक्षेच्या दिवशी घरी पहिल्यांदा टीव्हीवाले आले होते. "पाचच मिनिटं थांब, मग सोडतो," असं तिला म्हटलं गेलं. गणिताचा पेपर तसाच गेला. दुसऱ्या दिवशीही पाहुणे होते. पुढं नापास झाल्यावर घरातलेच म्हणाले, "पोरीचं अभ्यासात लक्ष न्हाई." त्या घरानं एकाही पोरीची शाळा बंद केली नव्हती, हे जळबा भाषणात छातीवर हात ठेवून सांगायचे, आणि ते शब्दाला शब्द खरं होतं. त्यांनी फक्त थांबवलं होतं. पाच-पाच मिनिटांनी.

त्या दिवशी सपनाच्या लेकीचा, ऐश्वर्याचा दहावीचा शेवटचा पेपर होता, भूगोलाचा. आणि त्याच दिवशी जळबांच्या कुटुंबाला 'आदर्श एकत्र कुटुंब' म्हणून पुरस्कार द्यायला बाहेरगावाहून एका संस्थेची माणसं येणार होती.

मार्चचे दिवस. गावात घरोघर हळद शिजत होती, तिचा उग्र वास पहाटेपासून हवेत दाटलेला. जळबांच्या अंगणातली हळदीची कढई मात्र सरकवून मांडव घातला होता. फाटकाच्या आत, भिंतीला धरून लांबलचक फ्लेक्स बांधला होता. त्यावर चौतीस चेहरे, सगळे हसणारे. फ्लेक्समागं ऐश्वर्याची शाळेतून मिळालेली सायकल अडकून पडली होती.

ऐश्वर्या मांडवालगतच्या चुलीजवळ उंबऱ्यावर बसून ब्राझीलचा नकाशा बघत होती. उत्पला पीठ मळता मळता कोपरानं पुस्तकाचं पान धरत होती.

"झाकून सांग. लोकसंख्या दाट कुठं?"

"किनाऱ्याला."

"काहून?"

"हवा बरी, बंदरं हायेत, कामधंदा हाय."

"आणि आत जंगलात काहून न्हाई?"

"जायला रस्ताच न्हाई, ताई."

उत्पला हसली, मग तिला खोकला आला. सपनानं तिच्यापुढं पाण्याचा तांब्या सरकवला आणि लाकडं थोडी मागं ओढली.

"मी करते भाकरी, तू ऊठ."

"ऱ्हाऊ द्या काकू. आज व्हिडिओत मीच लागते त्यांना."

प्रमोद नवा सदरा घालून आला. "पाहुणे नऊला येतील. ऐशूनं फक्त दोन शब्द बोलायचे, आमचं कुटुंब कसं हाय म्हणून. दहाला मी स्वतः गाडीवर सोडतो. मग तर झालं?"

"पेपर अकराचा हाय," सपना म्हणाली. "त्याच्या आत वर्गात बसावं लागतं."

"मला कळतं गं. बाप हाय मी तिचा."

पाहुणे नऊला आले नाहीत. साडेनऊ वाजून गेल्यावर दोन मोठ्या गाड्या अंगणात शिरल्या आणि नेमक्या प्रमोदच्या मोटारसायकलपुढं लागल्या. हार झाले, चहा झाला. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोंना फुलं वाहून झाली. माईक घेतलेल्या मॅडमनी ऐश्वर्याला फोटोंखाली उभं केलं.

"बोल बेटा, न घाबरता."

"माझं नाव ऐश्वर्या. मला शिकायला आवडतं. मला पुढं हिंगोलीला हॉस्टेलवर राहून..."

"थांब, थांब," प्रमोद मधे आला. "मला मला काय लावलंस? 'आमच्या घरात सगळ्यांना शिकायला आवडतं' असं म्हण. अन् हॉस्टेलचं काढू नको. एकत्र कुटुंबाचा कार्यक्रम हाय हा."

ती पुन्हा बोलली. मग बाहेर हळदीच्या ट्रॅक्टरचा आवाज आला म्हणून पुन्हा. मग मॅडमना उजेड कमी वाटला म्हणून पोरीला दारात उभं करून पुन्हा. ऐश्वर्याचे डोळे भिंतीवरच्या घड्याळाला चिकटले होते आणि कॅमेरावाला म्हणत होता, "इकडे बघ, हस जरा."

सपना प्रमोदजवळ गेली. "गाडी काढा."

"पाचच मिनिटं. आता पुरस्कार देतील, लाइव्ह लावून राहिलो ना मी. सगळं घर दिसलं पाहिजे."

"तिचा पेपर जाईल."

"न्हाई जात गं."

"मामाजी," सपना सासऱ्यांकडं वळली, "पोरीला जाऊ द्या."

जळबा पाहुण्यांसमोर मंद हसले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "पाहुण्यांची गाडी कशी हलवायची म्हणू? बरं दिसतं का? पाच मिनिटांनी काय जग बुडतंय?"

आणि जनकाबाईंनी शेवटचा दगड मारला. "पेपर पुन्हा देता येतो. असले पाहुणे पुन्हा येत न्हाईत."

सपनानं चुलीकडं पाहिलं. उत्पला खाली मान घालून भाकरी थापत होती. थापता थापता तिचा हात थांबला होता. हे शब्द तिनं आधी ऐकले होते. याच अंगणात.

रागानं माणूस ओरडतो म्हणतात. सपना ओरडली नाही. तिनं खांबाला अडकवलेला गवताचा विळा उचलला, मांडवातून सरळ चालत फाटकापाशी गेली आणि फ्लेक्सची दोरी कापली. एक, मग दुसरी. चौतीस हसरे चेहरे लोळत अंगणात पडले. तिनं सायकल ओढून बाहेर काढली, पदरानं सीट पुसली.

"ऐशू! चल."

ऐश्वर्यानं आईकडं पाहिलं. मग आजोबांकडं. त्या घरात बाहेर पडायचं तर प्रत्येक जण विचारायचा, जाऊ का? पन्नाशीतला थोरला मुलगासुद्धा. पोरगी फ्लेक्स ओलांडून सायकलपाशी आली, दप्तर पुढच्या टोपलीत टाकलं आणि म्हणाली, "आबा, मी पेपरला चालले."

तिनं विचारलं नाही. पायडल मारलं आणि गेली.

प्रमोदचा मोबाईल तिपाईवर चालूच होता, हजारो माणसं बघत होती. तो बंद करायला धावला, पण जळबांनी त्याचा हात धरला. आयुष्यभर सभा गाजवलेला माणूस. ते उठून मोबाईलपुढं उभे राहिले, फेटा सारखा केला आणि गहिवरल्या आवाजात म्हणाले, "पाहिलंत? असं आमचं घर! सोहळा चालू असला तरी आमच्या लेकी परीक्षेला जातात. पोरींच्या शिक्षणाला ह्या घरात पयला मान हाय."

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी डोळे टिपले.

सपना विळा हातात घेऊन तशीच उभी राहिली. तिच्या हातातून तिची लढाईसुद्धा काढून घेतली होती आणि जळबांनी तिचाही हार करून स्वतःच्या गळ्यात घातला होता. अशा माणसांचं काय करायचं?

तेव्हा चुलीजवळून आवाज आला.

"आणि माझी परीक्षा, आबा?"

उत्पला उठून उभी राहिली होती. कोपरापर्यंत पीठ, कपाळावर धुराचा घाम.

"नववीचा गणिताचा पेपर होता. तुमी पाच मिनिटं थांब म्हणाला होता. मी थांबलेय अजून."

खोकला आला. तो ओसरल्यावर ती पुन्हा बोलली.

"त्या मॅडमसमोर सांगा, आज्जी म्हणते पेपर पुन्हा देता येतो. मग मला काहून देऊ दिला न्हाई?"

"उत्पे, गप!" जनकाबाई म्हणाल्या.

"गपच होते, आज्जी."

नर्मदाबाई खांबाला टेकून उभ्या होत्या. लेकीच्या जन्मापासून या बाईनं सासऱ्यांपुढं तोंड उघडलं नव्हतं. त्यांनी तोंड आताही उघडलं नाही. त्या फक्त चालत आल्या, चुलीतलं जळतं लाकूड बाहेर ओढलं आणि त्यावर तांब्यातलं पाणी ओतलं. फस्स झालं. पांढरा धूर मांडवभर पसरला आणि लाइव्ह बघणाऱ्यांना काही वेळ धुराशिवाय काहीच दिसलं नाही. मग प्रमोदनं मोबाईल बंद केला.

पाहुण्यांना पुढं कार्यक्रम होता, ते न जेवताच गेले. पुरस्काराचं सन्मानचिन्ह टेबलावर ठेवून गेले.

ऐश्वर्या वेळेत पोचली. घामानं थबथबलेली, धापा टाकत, पण पोचली.

दुपारी जळबांनी सगळ्यांना बसवलं आणि निकाल दिला. "घराची अब्रू चव्हाट्यावर आणली. सपनानं आपली चूल येगळी करावी."

चाळीस वर्षांत त्या घरात हे वाक्य कुणी बोललं नव्हतं. प्रमोदनं मान खाली घातली, बायकोच्या बाजूनं एक शब्द काढला नाही. सपनाला वाटलं होतं, हे ऐकून आपण कोसळू. तिनं नुसतं "बरं" म्हटलं. मग दोन्ही गॅस मोठ्या घराकडंच ठेवून ती मागच्या परसात गेली, तीन विटा मांडल्या आणि प्रज्ञेशला म्हणाली, "काड्या आण."

आता तुम्हाला सांगायचं आहे, ताईंनो आणि दादांनो. तुमच्याही मोबाईलवर असं एखादं भरलं घर येत असेल. हसरी पंगत, कष्टाळू लेकी, फिरणाऱ्या भाकरी. बोटानं लाल हृदय दाबायच्या आधी चुलीपुढच्या पोरीकडं नीट बघा. तिचं वय बघा. वार कोणता आहे, शाळेची वेळ आहे का, ते बघा. तुमच्या कौतुकावर ती चूल जळते. एकत्र घर वाईट नसतं. पण ज्या घरात लेकराला 'मी' म्हणायला बंदी आहे, ते घर नाही, ते मळणीचं खळं आहे, आणि दाणा कुणाचा होतो, भुसा कुणाचा होतो, हे त्यात उभ्या असलेल्या पोरीला विचारा.

संध्याकाळी तीन विटांच्या चुलीवर खिचडी शिजली. ऐश्वर्या ब्राझीलचं कोणतं उत्तर चुकलं ते सांगत होती. प्रज्ञेशनं ताटं मांडली. तीनच होती. तेवढ्यात परसाच्या दारातून उत्पला आली. हातात तिचं स्वतःचं ताट होतं.

"काकू, पुरंल का?"

"बस."

ती मांडी घालून बसली. पहिला घास गरम होता. तो तोंडात घोळवत तिनं हळूच विचारलं, "बाहेरून दहावीला बसायचा तो सतरा नंबरचा फॉर्म, कधी निघतो?"

"उद्या शाळेत विचारू," सपना म्हणाली आणि तिच्या ताटात आणखी एक पळी खिचडी वाढली.

मोठ्या घरातून जनकाबाईंची हाक आली. "उत्पले! कुठं मेलीस? पीठ मळायचंय!"

सगळ्यांचे हात थांबले. उत्पलानं घास गिळला, वर पाहिलं आणि आवाज चढवून म्हणाली, "आले आज्जी! पाचच मिनिटं!"

आणि ती सावकाश जेवत राहिली.