आवाज येत नसल्याबाबत

मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटात तक्रारींना तोटा नाही. नाली तुंबली म्हणून अर्ज पडतात, डुकरं मोकाट सुटली म्हणून पडतात, शेजारच्या आंब्याची फांदी आपल्या कौलांवर आली म्हणूनही पडतात. पण एखादी बाई आवाज करत नाही, म्हणून लेखी तक्रार झाली ती फक्त आमच्या वॉर्डात, आणि तीही माझ्या सख्ख्या बहिणीविरुद्ध. त्यात माझा थोडा हात आहे. थोडा म्हणजे कोपरापर्यंत.

माझी बहीण मैनाबाई. खैरलांजीकडच्या एका खेड्यात तिनं एकतीस वर्षं अंगणवाडी चालवली. रिटायर झाली तेव्हा शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. शाल मला दिली, नारळ फोडला, आणि घड्याळाकडे बघून म्हणाली, "आता मले कोनाची वेळ पाहाची हाय?" ते अंगणवाडीच्याच भिंतीला लटकवून घरी आली. पुढच्या आठवड्यात मोडलेल्या ऑर्केस्ट्रातल्या एका माणसाकडून जुनी इलेक्ट्रिक गिटार घेतली. सोबत एक काळा डबा आला. गिटारची वायर त्या डब्यात खुपसली की डबा बोलतो. नाही खुपसली तर गिटार मुकी.

ती मोबाइलवर बघून शिकली. पहिले सहा महिने तिचं वाजवणं असं होतं की मागच्या राइस मिलवाल्याला वाटायचं आपलाच पट्टा घासतोय. त्यानं दोनदा मिल बंद करून पट्टा तपासला. सातव्या महिन्यात सूर लागला. त्या दिवशी वैनगंगेच्या पुलाजवळ अडकलेली मालगाडी सिग्नल नसताना सुटली, असं मी चहाच्या टपरीवर ऐकलं. म्हणजे सकाळी मीच तिथं सांगितलं होतं, संध्याकाळपर्यंत ते फिरून माझ्याकडे आलं.

रोज संध्याकाळी पाच वाजता ती छपरीत, म्हणजे घरापुढच्या पडवीत, बसायची, दार सताड उघडं, काळा डबा रस्त्याकडे तोंड करून. मी एकदा म्हटलं, "बाई, आत बसून वाजव ना." तर म्हणाली, "एकतीस वर्षं लोकांच्या पोराईले गाने म्हनून दाखवले. तवा कोनी म्हनलं नाही आवाज कमी कर म्हनून. आता माया सोताच्या छपरीत कायले कमी करू?"

समोरच्या घरात खेमराज राहतो. तहसीलमधला रिटायर हेडक्लार्क, अख्खा वॉर्ड त्याला बडे बाबू म्हणतो. चाळीस वर्षं लोक त्याच्याकडे अर्ज घेऊन यायचे. रिटायर झाल्यावर ते बंद झालं, मग तो स्वतःच अर्ज करू लागला. या वयाच्या बाईनं उघड्यावर गिटार वाजवण्याबाबत त्यानं वॉर्डाच्या पार्षद, म्हणजे नगरसेविका, विमलाबाईंना अर्ज दिला. विमलाबाईंनी मैनाबाईला काही म्हटलं नाही. त्यांची हिंमत नव्हती, माहेर त्याच खेड्यातलं, दोन्ही पोरं तिथंच मैनाबाईच्या हाताखाली अ-आ-इ शिकलेली. त्यांनी नागपूरला लोकेशला फोन लावला. लोकेश म्हणजे मैनाबाईचा मुलगा, कुठल्याशा कंपनीत कॉम्प्युटरवर बसतो.

तो शनिवारी आला, हातात एवढं मोठं खोकं घेऊन.

इथं एक सांगायला हवं. मैनाबाईला प्रोसेसर घ्यायचाच होता. प्रोसेसर म्हणजे पायाशी ठेवायची पेटी. गिटार आणि काळा डबा यांच्यामध्ये ती बसवली की तीच गिटार कधी पितळेची वाजते, कधी पाण्यातून आल्यासारखी. बाजारातल्या दुकानात तिनं एक बघून ठेवला होता. स्वस्तातला, प्लॅस्टिकचा, एक पेडल, मोजके आवाज, आतच ढोल वाजवायची सोय, आणि चार्ज केला की लाइट गेली तरी चालणारा. दुकानदाराला सांगून ठेवलं होतं, कुणाला देऊ नको.

लोकेशनं खोकं उघडलं. आत लोखंडी पेटी, हात लावला की चालणारा काच-पडदा, आणि ओळीनं बटणं.

"हे प्रीमियम आहे, आई. मोठमोठे कलाकार स्टेजवर वापरतात. तीनशेच्या वर आवाज आहेत याच्यात."

"मी दुकानात एक पाहून आली हो."

"ते मले माहीत आहे. ते खेळणं आहे, आई. त्याचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येते, पेडल सहा महिन्यात हालून राह्यते. एकदाच चांगलं घे ना. दस दिन रख, नाही आवडलं तर परत होते."

"अन् याले डब्याले जोडाचं कसं?"

लोकेशनं खोक्यातून जाडे हेडफोन काढले. "डब्याची गरजच नाही. हे कानाले लाव, पाहिजे तेवढं जोरात वाजव. बाहेर कोणाले काहीच ऐकू येत नाही."

"कोनाले काहीच ऐकू येत नाही, हे भारीपन हाय का याचं?"

"आई, समझ ना. पार्षदबाईंचा फोन आला तवा मी मीटिंगमध्ये होतो. स्पीकर चालू होता. सगळ्यांनी ऐकलं, लोकेशच्या आईची कंप्लेंट." तो खाली मान घालून बोलत होता. "हे ठेव. मी तो काळा डबा नागपूरले घेऊन जातो. बस."

मैनाबाईनं हेडफोन उलटेपालटे करून पाहिले. मग म्हणाली, "दहा दिवस पाहातो. डबा तवापर्यंत इथंच राहीन. दहाव्या दिवशी काय न्याचं ते ने, डबा नाही त मशीन."

म्हणजे हिशोब सरळ होता. मशीन राहिलं तर डबा जाणार, आणि डब्यासोबत तिची पाचची वेळ.

आता त्या मशीनची निंदा मी करणार नाही. मी स्वतः हेडफोन लावून बघितले. मैनाबाईनं एक आवाज लावला, मोठ्या देवळाच्या गाभाऱ्यासारखा, आणि मी वरची तार एकदाच छेडली. तो सूर माझ्या डाव्या कानातून शिरला आणि उजव्या कानापर्यंत पोचायला त्याला जेवणाची वेळ झाली. दुसऱ्या दिवशी लामत्याला जाणाऱ्या बसमध्ये शेजारचा माणूस मला म्हणाला, काका, तुमच्या डोक्यात काहीतरी वाजून राह्यलं.

पण चार दिवस मैनाबाई वाजवेचना. नुसती बटणं फिरवायची. हा आवाज बरा, त्याच्यापेक्षा तो बरा, त्याच्यात घंटेसारखं थोडं टाकलं तर अजून बरा. पाच वाजता बसायची आणि सहा वाजता उठायची, गाणं एक नाही.

"भाऊ," ती मला म्हणाली, "हे लग्नाच्या साड्याच्या दुकानात बसल्यासारखं हाय. उलगडून उलगडून पाहाचं, नेसनं काही होत नाही."

पाचव्या दिवशी तिला हवा तो आवाज सापडला आणि ती वाजवू लागली. म्हणजे तिला वाजत होतं. बाहेरून काय दिसायचं तर, छपरीत बसलेली बाई, कानावर दोन वाट्या, डोळे मिटलेले, मान डोलतेय, बोटं तारांवर पळताहेत, आणि आवाज म्हणाल तर नुसती टिक् टिक्. पोपट शेंगा फोडतो तशी.

खेमराजला पहिल्या दिवशी फार आनंद झाला. दुसऱ्या दिवशी तो फाटकाशी येऊन उभा राहिला. तिसऱ्या दिवशी त्यानं मला रस्त्यात गाठलं.

"चैतराम, काय वाजवून राह्यली रे तुयी बहीन?"

"गानं."

"कोनतं?"

"तिनंच बांधलं. एकवीस कडव्याचं हाय."

"कायच्यावर?"

मी मागे-पुढे बघून घेतलं. "नाही सांगत बाप्पा. तुमी अर्ज कराल."

खेमराजची मान लांब झाली. "मायावर हाय का?"

"मी नाव घेतलं का कोनाचं? येवढंच सांगतो, दर कडव्यात एक बडे बाबू येते. सातव्या कडव्यात तो पाय घसरून नालीत पडते."

"मी कवा पडलो नालीत?"

"मंग तुमच्यावर नसन."

गिटारीतून शब्द निघत नाहीत हे त्याच्या ध्यानात आलं नाही. चाळीस वर्षं ज्यानं कागद वाचले, त्याला कागदावर माशी बसली तरी तिथं मजकूर दिसतो. तो पाच वाजता खुर्ची घेऊन आपल्या फाटकात बसू लागला. मग खुर्ची रस्त्याच्या मधोमध आली. एक दिवस तर आमच्या कुंपणाला कान लावून उभा होता. आतून टिक् टिक्, आणि मध्येच मैनाबाई हसली. तिला एक अवघड जागा जमली होती, म्हणून हसली. खेमराज लाल झाला.

"मैनाबाई, जरा ते कानातलं मले द्या."

"काहून?"

"आयकाचं हाय मले."

"तुमालेच तर आयकू येऊ नये म्हनून आनलं हे. पोरगा नागपूरहून घेऊन आला तुमच्यासाठी. अन् लोकाच्या कानातलं कोनी मांगते का, बडे बाबू?"

नवव्या दिवशी त्यानं अर्ज टाकला. हिंदीत होता, मी मराठीत सांगतो, अक्षर मोत्यासारखं.

"विषय : आवाज येत नसल्याबाबत. महोदया, वरील बाई रोज सायंकाळी पाच ते सहा या वेळेत उघड्या छपरीत बसून गिटार वाजवतात, परंतु आवाज येत नाही. काय वाजवले जात आहे, याची अर्जदारास कोणतीही माहिती मिळत नाही. त्यामुळे अर्जदाराची बदनामी होत आहे किंवा कसे, हे समजण्यास मार्ग नाही. तरी सदर वादन मोठ्याने करण्यात यावे, ही विनंती."

दहाव्या दिवशी लोकेश आला तेव्हा छपरीत विमलाबाई दोन्ही अर्ज मांडीवर घेऊन बसल्या होत्या. समोर खेमराज उभा.

"बडे बाबू," विमलाबाई म्हणाल्या, "या कागदात लिहिलं की वाजवू नका. अन् याच्यात लिहिलं की मोठ्यानं वाजवा. दोनी कागदावर सही तुमचीच. मी कोनता लागू करू?"

"नंतरचा," खेमराज म्हणाला. "कायद्यानं नंतरचाच लागू होते."

मैनाबाईनं कानावरचे हेडफोन काढून लोकेशच्या हातात दिले.

"आयकलं ना लोकेश? वाजवलं तरी तक्रार, नाही वाजवलं तरी तक्रार. मंग मी वाजवूनच घेतो."

लोकेशनं एकदा खेमराजकडे बघितलं, एकदा अर्जाकडे. त्याला हसू येत होतं ते त्यानं दाबलं. "ठीक आहे आई. मग हेच मशीन ठेव ना, डब्याले जोडून देतो. याचा आवाज तर तुले आवडला."

"आवडला. खोटं कायले बोलू, आवाज तुयाच भारी हाय. दुकानातला याच्यासमोर पत्र्याचाच वाजन."

"मग?"

"याच्यासंगं तुयी अट आली न रे. आज तू म्हनतं डब्याले जोड. उद्या कोनी फोन करन, तू पुन्हा मीटिंगमध्ये असशीन, अन् म्हनशीन, आई, मशीन मीच देल्लं होतं, तेवढं आयक मायं." तिनं लोखंडी पेटीवरून एकदा हात फिरवला, तापलेल्या पोराच्या कपाळावरून फिरवतात तसा. "पत्र्याचा असन त असन. माया पत्रा."

"आई, सहा महिन्यात पेडल हालते त्याचं."

"मायेही गुडघे हालतेत. मी बंद पडली का?"

लोकेशनं मशीन खोक्यात भरलं. मग स्वतःच गाडी काढली आणि आईला बाजारात घेऊन गेला. दुकानदारानं तो प्रोसेसर खरंच कुणाला दिला नव्हता. वर बोटभर धूळ होती, म्हणजे कुणी मागितलाही नव्हता. पैसे मैनाबाईनं कमरेच्या पिशवीतून काढून दिले. लोकेशनं खिशात हात घातला तेव्हा तिनं नुसतं बघितलं, त्यानं हात तसाच बाहेर काढला.

पाच वाजता काळा डबा पुन्हा रस्त्याकडे तोंड करून बसला. नव्या पेटीत तिनं दहा मिनिटांत एक आवाज निवडला. निवडायला फार नव्हतेच. आतला ढोल लावला. हा ढोलवाला फार गुणी, थकत नाही, चहा मागत नाही, लग्नसराईत पळून जात नाही. आणि मग तिनं तार छेडली. आवाज थोडा पत्र्याचा होता, हे मी मान्य करतो. पण तो छपरीतून निघाला, रस्ता ओलांडला, राइस मिलच्या घरघरीवर चढला, आणि मिलवाल्यानं सवयीप्रमाणं पट्टा तपासला. इतक्यात लाइट गेली. मिल थांबली, काळा डबाही बंद पडला. लोकेशनं निमूटपणे आपल्या गाडीतला छोटा चार्जिंगचा स्पीकर आणला आणि आईच्या पेटीला स्वतःच्या हातानं जोडून दिला. पेटी चालूच होती. वॉर्डात तेवढा एकच आवाज उरला.

खेमराज कागद आणि पेन्सिल घेऊन खुर्चीवर बसला होता. पाऊण तास त्यानं कान टवकारून ऐकलं. शेवटी राहवलं नाही, उठून कुंपणापाशी आला.

"मैनाबाई, मायं नाव कुठीसा आलं? मले त सापडलं नाही."

मैनाबाईनं माझ्याकडे बघितलं. एकवीस कडव्यांचं तिला मी काही सांगितलं नव्हतं. पण एकाच आईच्या पोटचे आम्ही. तिनं बोटं न थांबवता समजून घेतलं.

"गानं लय लांब हाय, बडे बाबू," ती म्हणाली. "आज त पहिलंच कडवं चालू हाय. बसा."

खेमराजनं कागदावर वरच्या बाजूला १ हा आकडा टाकला, त्याला गोल केला, आणि खुर्ची उचलून कुंपणाच्या आत घेतली. मैनाबाईनं आवाज अजून थोडा वाढवला.