कुनियोशींची माफी

मेथीच्या वाफ्यात तिसऱ्यांदा कोणाचा तरी बूट उमटला, तेव्हा सुमेधाचं डोकं फिरलं.

नेदरलँड्समधल्या वाखनिंगन गावाच्या कडेला भाजीपाल्यासाठी मिळणारा जमिनीचा हा तुकडा तिने चार वर्षं यादीत थांबून मिळवला होता. शेजारच्या तुकड्यात तेत्सुओ कुनियोशी कांदे लावत. पन्नाशी उलटलेला, उजव्या पायाने लंगडणारा, अबोल जपानी माणूस. कधीकाळी इथल्या एका फुटबॉल क्लबकडून डिफेंडर म्हणून खेळले होते, एवढंच तिला ठाऊक होतं. मग त्यांच्या लेकीने वडिलांचा एक व्हिडिओ टाकला. पाणी घालण्याआधी ते रोपांना वाकून नमस्कार करतात, बस, एवढाच. वीस लाख लोकांनी तो पाहिला आणि दर शनिवारी झुंडी येऊ लागल्या. रॉटरडॅमहून, जर्मनीहून, एकदा तर थेट ओसाकाहून. कांद्यांसोबत फोटो काढायला दोन पावलं मागे सरलं, की पाय मेथीत.

सुमेधा तणतणत गेली की कुनियोशी कमरेत वाकून माफी मागत. ती माफी कोणीतरी टिपून घेई, आणि संध्याकाळपर्यंत तीही गाजे.

"अगं, यात तू पण आहेस!" तिचा नवरा विश्वास सोफ्यावरून ओरडला. "कमरेवर हात ठेवून. खाली लिहिलंय, 'रागीट शेजारीण'. अडीच लाख लाइक्स!"

"त्यातला एक तुझा ना?"

विश्वासने गुपचूप फोन उलटा ठेवला.

सुमेधाने बागेच्या समितीकडे लेखी तक्रार केली. मंगळवारी बैठक झाली. अर्ज वाचून होताच कुनियोशी उठले. "यांचं बरोबर आहे," ते म्हणाले. "मी जागा सोडतो."

खरं तर तिला हायसं वाटायला हवं होतं. उलट ती आणखीच भडकली.

"तुम्ही कशाला सोडताय? त्या लोकांना आवरा म्हटलं मी, तुम्हाला जा म्हटलं का?"

"मग करायचं काय?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

सुमेधाने काहीच ठरवलं नव्हतं. तोंडाला आलं ते बोलून गेली, "येईल त्याने आधी तासभर तण काढायचं. मग काय ते फोटो!"

कुनियोशींच्या लेकीने तसं जाहीर करून टाकलं. पुढच्या शनिवारी सातजण आले. फाटकाशी मांडलेली खुरपी बघून पाचजण सायकली वळवून गेले. उरलेल्या दोघांतल्या एकाने मोठ्या उत्साहाने कांदेच उपटायला सुरुवात केली.

कुनियोशी सवयीने वाकू लागले.

"वाकताय काय? सांगा त्याला!" सुमेधा किंचाळली.

तेव्हा त्या अबोल माणसाच्या छातीतून असा काही आवाज निघाला, की तो तरुण खुरपं टाकून ताठ उभा राहिला. पलीकडच्या वाफ्यातल्या आजीबाईही दचकून वळल्या.

"हा आवाज आहे तुमच्याकडे?" सुमेधा म्हणाली. "मग तीन महिने का नाही काढलात?"

"मैदानात चौदा वर्षं ओरडलो," कुनियोशी ओशाळून म्हणाले. "म्हटलं, आता पुरे."

सुमेधाने कपाळाला हात लावला. मग खुरपं उचललं आणि त्या तरुणाला तण म्हणजे काय, ते दाखवायला गेली.