‘दादासाठी’ नावाचं फोल्डर

आईच्या, केशरबाईंच्या, पुण्यानुमोदनाच्या दिवशी सकाळी प्रेमानंद पुण्याहून बेंबळीला आला आणि बूट काढायच्या आधी त्यानं बहिणीला विचारलं, "पौर्णिमा, मंडपात टीव्ही लावू आणि त्यावर आईचे फोटो फिरवू. आहेत ना तुझ्याकडे?"

म्हणजे याच्याकडे एकही नव्हता. पौर्णिमानं जीभ आवरली. आज भांडायचं नाही, असं तिनं रात्रीच ठरवलं होतं, कारण आज तिला दादाकडून एक काम करून घ्यायचं होतं.

ती गावातल्याच ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसायची, त्यामुळं असल्या गोष्टी तिच्या हातचा मळ होत्या. मोबाईलमधलं फोल्डर तिनं सगळ्यांसाठी उघडं केलं. मोबाईलनं आकड्यांचा एक पत्ता दिला. घरच्या वायफायवर असलेल्या कुणीही तो ब्राउझरमध्ये टाकला की समोर फोल्डर हजर. राउटरचं रिचार्ज कधीच संपलं होतं, पण या कामाला नेट लागतच नाही. शिवाय कुणी कोणती फाईल घेतली, हे तिच्या मोबाईलवर ओळीनं दिसायचं. तिला तेच हवं होतं.

आत बुद्धवंदनेची एक फाईल आणि दोन फोल्डर होती. एक ‘आईचे फोटो’. दुसरं ‘दादासाठी’.

दुसऱ्यात आईचा आवाज होता. अंथरुणाला खिळल्यावर केशरबाई रोज म्हणायच्या, "आनंदाला लाव की फोन." दादा फोन उचलायचा नाही. एकदा पौर्णिमानं कंटाळून रेकॉर्डिंग चालू केलं आणि म्हणाली, "बोल आई, दादाला समदं ऐकू जाईल." केशरबाईंना मोबाईल म्हणजे पलीकडच्या माणसाशी बोलायची वस्तू, एवढंच ठाऊक. त्या बोलायच्या आणि उत्तराची वाट बघत थांबायच्या. पलीकडून काही येत नाही म्हटल्यावर पौर्णिमाकडं बघायच्या. ती सांगायची, "त्याचा आवाज इकडं येत न्हाय आई, मोबाईल जुना हाय. पर त्यो ऐकतोय."

असं तेवीस वेळा झालं. पहिल्या दोन फायली तिनं दादाला व्हॉट्सॲपवर पाठवल्याही होत्या. ‘मोठ्या फाइल पाठवू नको, फोन भरतो,’ असं उत्तर आलं. शेवटच्या दिवशी आईनं विचारलं, "आनंदानं ऐकलं का गं समदं?" पौर्णिमा म्हणाली, "व्हय, ऐकलं की." ते खोटं ती अजून विसरली नव्हती. दादानं त्या तेवीस फायली घेतल्या असत्या, तर निदान उशिरा का होईना, ते खरं झालं असतं.

"दादा, दुसरं फोल्डरबी घे," ती म्हणाली. "आई तुझ्यासाठी बोललीया."

"घेतो की," लॅपटॉपमधून मान वर न करता तो म्हणाला.

ती मोबाईल हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. पहिला फोटो गेला. दुसरा गेला. सहा फोटो गेले. मग ‘दादासाठी’मधली पहिली फाईल निघाली. दहा टक्के. बावीस. चौतीस. आणि लगेच खाली ओळ आली, रद्द.

"काय झालं रं?"

"अगं, लॅपटॉप ऑफिसचा आहे. त्यात घरचं किती भरणार? पुढच्या वेळी येईन तेव्हा बघू."

पुढच्या वेळी! आई गेली तेव्हा माती द्यायला आलेला हा माणूस, त्यानंतर थेट आज उगवला होता. पौर्णिमाला त्याचा इतका राग आला की तिला चुलीवरच्या भाजीचं भान राहिलं नाही. भाजी लागली.

दुपारी मंडप भरला. मेणबत्त्या लागल्या. साउंडवाल्या शिवकुमारभाऊंनी सकाळीच त्याच वायफायवरून, त्याच पत्त्यावरून आपल्या मोबाईलमध्ये वंदना घेतली होती, ती लागली. पंचशील झालं. गावकऱ्यांनी आदरांजली वाहिली. टीव्हीवर आई फिरत होती. शेवटी प्रेमानंदनं माईक हातात घेतला.

पांढऱ्या सदऱ्यात तो छान दिसत होता. बोलतही छान होता. आईचे कष्ट, आईचे संस्कार. मग आवाज जड करून तो म्हणाला, "आई गेली, पण तिचा आवाज आजही माझ्या कानात आहे. रोज."

बायकांनी पदर डोळ्यांना लावले. पौर्णिमा मात्र उठली. ती साउंडच्या टेबलाजवळ गेली आणि हळूच म्हणाली, "भाऊ, तेच पान उघडा. ‘दादासाठी’मधली नववी फाईल घ्या अन् लावा."

शिवकुमारभाऊंना वाटलं, समारोपाची वंदना असेल. तिच्या मोबाईलवर ओळ सरकली. साठ. नव्वद. पूर्ण.

आधी खोकला ऐकू आला. मग अख्ख्या मंडपात केशरबाईंचा आवाज.

"आनंदा... जेवलास का रं?"

आणि आवाज थांबला. उत्तरासाठी जेवढा वेळ केशरबाई थांबल्या होत्या, तेवढा वेळ मंडपात कुणी हललं नाही. सगळे प्रेमानंदकडं बघायला लागले. माईक त्याच्या हातातच होता, चालूच होता.

"काय केलं व्हतं जेवाया?"

पुन्हा तसंच. प्रेमानंदनं तोंड उघडलं, पण माईकमधून नुसता श्वास आला. त्यानं पौर्णिमाकडं बघितलं. तिनं नजर काढली नाही.

"बरं," आई म्हणाली, "कामात असशील. ठिवते मी."