कुंडलिकअण्णांची ऑफसाइड

गिरणीत मनगटाला घड्याळ बांधणारे पुष्कळ होते, पण वेळ बरोबर दाखवणारं घड्याळ एकट्या कुंडलिकअण्णांचं होतं. तेवढ्या भांडवलावर ते फुटबॉलचे पंच झाले.

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. लेबर ऑफिसर साहेब पुण्याला कसल्याशा बैठकीला गेले आणि तिथून ऐकून आले, की खेळणारा कामगार संपावर जात नाही. त्यांनी एक चेंडू आणला, बॉयलरमागच्या मैदानात दोन्ही टोकांना लाकडी खांब ठोकून घेतले आणि सुट्टीच्या दिवशी सूतखातं विरुद्ध मागखातं असा सामना लावून दिला. वेळ पाहायला कोणीतरी हवं म्हणून टाइमऑफिसातल्या अण्णांना बोलावून त्यांच्या गळ्यात शिट्टी अडकवली.

अण्णा माढ्याकडचे. त्यांच्या गावात हुतूतू होता, आट्यापाट्या होत्या; फुटबॉल त्यांनी गिरणीतच पहिल्यांदा पाहिला. चेंडूला हात लावायचा नाही आणि कुणी कुणाच्या अंगावर जायचं नाही, एवढे दोनच नियम त्यांना ठाऊक होते आणि खेळणाऱ्यांना तेवढेही नव्हते. त्यामुळे अण्णांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. ते शिट्टी मारत, सगळे थांबत. ते हात करत, सगळे तिकडे जात. का, असं कुणी विचारलं नाही, कारण दुसरं काय बरोबर असेल हे कुणालाच सांगता आलं नसतं. हजेरीच्या खिडकीत आठवडाभर ‘दोन मिनटं सोडा की अण्णा’ ऐकून विटलेल्या माणसाला सुट्टीचा तो एक तास राज्याभिषेकासारखा वाटे.

खेळ म्हणजे काय, तर गुळाच्या खड्याला मुंगळे डसावेत तसे सगळे चेंडूला डसलेले. धुळीचा एक लोट मैदानभर फिरायचा आणि आत कुठंतरी चेंडू असायचा. या लोटात कधीच न सापडणारा माणूस एकच, सूतखात्याचा फिटर भीमा. चेंडू शेवटी गोलाकडेच येणार, मग उन्हातान्हात पळायचं कशाला, हे त्यानं पहिल्याच दिवशी ताडलं होतं. सामना सुरू झाला की तो सरळ चालत जाऊन मागखात्याच्या गोलखांबाला टेकून उभा राही. तिथं गोलात अक्कलकोटकडचा बसवराज असे. दोघांच्या विहिरीच्या पाण्यापासून मेव्हणीच्या लग्नापर्यंत गप्पा चालत. धूळ जवळ आली की बसवराज म्हणे, “आलं बघ,” आणि दोघं आपापल्या कामाला लागत. भीमा पायाच्या अंगठ्यानं चेंडू आत ढकली. लोक त्याला खांद्यावर घेऊन गेटपर्यंत नाचवत नेत. कँटीनवाला त्याला भज्यांची जादा बशी देई. सोलापुरात एवढा मोठा खेळाडू दुसरा नाही, याबद्दल दोन्ही खात्यांत दुमत नव्हतं.

अशात कोल्हापूरचा मानसिंग मागखात्यात कामाला लागला. त्यानं पहिला सामना कडेला उभा राहून पाहिला आणि हसून हसून खाली बसला. दुसऱ्या दिवशी तो टाइमऑफिसात आला.

“अण्णा, तुमच्यात ऑफसाइड नाही का?”

“ही काय भानगड?” अण्णा म्हणाले.

मानसिंगनं खिशातून सुताच्या रिकाम्या कांड्या काढून टेबलावर मांडल्या. “हा आपला गडी. हा समोरचा गोल. पाठीमागून चेंडू मारला, त्या टायमाला आपल्या गड्याच्या पुढं समोरच्यांची दोन माणसं तरी पाहिजेत. गोलकीपर धरून. नसतील तर ऑफसाइड. शिट्टी. भीमाचे सगळे गोल बाद.”

“सगळे?”

“एक पण टिकत नाही.”

अण्णांना ते झोंबलं. आपण एवढे दिवस राज्य केलं ते कायद्याशिवाय, हे कळणं कुणालाच गोड लागत नाही. घरी जेवताना त्यांनी ताटातली वांग्याची फोड इकडं आणि शेंगाचटणीचा ढीग तिकडं असं करून पुन्हा पुन्हा पाहिलं. बायको सोजरबाई म्हणाली, “जेवायचं हाय का मांडायचंच हाय?” पण अण्णांना तेवढ्यात एक गोष्ट उमगली होती. हा नियम नसेल, तर सगळा खेळ खांबापाशी जागा धरण्याचा. नियम असेल, तर तिथवर चेंडू घेऊन जावं लागणार, आणि तेही मिळून.

पुढच्या सामन्यात भीमानं नेहमीसारखा चेंडू आत ढकलला आणि अण्णांनी शिट्टी वाजवली. लोकांना वाटलं गोलाची. अण्णा म्हणाले, “गोल नाही. ऑफसाइड.”

भीमा चालत आला. “अण्णा, मी काय केलं? मी तर जागचा हललोबी न्हाय.”

“तेच केलंस. हलला नाहीस.”

“पळून गोल केला असता तर चाललं असतं?”

“मागनं पळत आला असतास तर चाललं असतं.”

“म्हंजे न पळता झालं ती चूक, आन् पळून झालं तर बराबर,” भीमा सगळ्यांकडं वळून म्हणाला. “आरं, हे कामावर साहेब म्हनतोय तसंच झालं की.”

लोक हसले, मग चिडले. आजवर अडाणी पंचाला देवासारखं मानणारी गिरणी शहाण्या पंचाला शिव्या घालू लागली. सूतखातं म्हणालं, अण्णा मागखात्याला फितूर झालेत. मागखातं म्हणालं, मग आधीचे गोल कसे दिले? खिडकीशी ‘रामराम अण्णा’ बंद झालं. सोजरबाई म्हणाली, “घड्याळ तुमचं, आन् शिव्या बी तुमच्याच. शिट्टी तेवढी गिरनीची.” पण अण्णा हटले नाहीत. खरं म्हणजे त्यांना हटता येत नव्हतं. एकदा दिसायला लागलेली गोष्ट न दिसल्यासारखी कशी करायची?

सगळ्यांत वाईट हाल भीमाचे झाले. त्याला पळावं लागलं. तेव्हा सोलापुरातल्या सर्वांत मोठ्या खेळाडूला चेंडू अडवता येत नाही, हे उघड झालं. चेंडू त्याच्या पायाखालून जाई किंवा नडगीवर आपटून बाहेर जाई. एकदा तो चेंडूवरच पाय देऊन पाठीवर पडला, आणि ज्यांनी खांद्यावर नाचवलं होतं तेच पोट धरून हसले. आठवडाभर तो मैदानाकडं फिरकला नाही. मग एका संध्याकाळी पाळी सुटल्यावर गोदामाच्या भिंतीपाशी मानसिंगसमोर उभा राहिला. “शिकीव,” एवढंच म्हणाला.

मानसिंगनं त्याला भिंतीवर चेंडू मारायला लावलं. “अंगठ्यानं नाही रे भावा, पायाच्या आतल्या अंगानं. येतोय तसा पाय मागं घे, अंडं झेलल्यासारखा. आणि मारायच्या आधी मान वर कर. चेंडू कुठं जात नाही, माणसं जातात.” हळूहळू बाकीचेही येऊ लागले. बसवराजसुद्धा, कारण गप्पांना माणूस उरलं नव्हतं. अण्णा कागद चाळल्याचं निमित्त करून टाइमऑफिसाच्या मागच्या दारात उभे राहत. चेंडू भिंतीवरून भीमाकडं, भीमाकडून मानसिंगकडं, आणि भीमा तोवर पुढं पळालेला, चेंडू पुन्हा त्याच्याच पायात. मधला माणूस उल्लू. अण्णांना कळेना, यात एवढं बरं काय वाटतंय.

सुट्टीच्या सामन्यातला धुळीचा लोट विरळ झाला. माणसं मैदानभर पसरली. साहेबांना वाटलं, खेळ थंडावला. पण सूतखातं आणि मागखातं मिळून एक संघ करून त्यांनी बार्शीच्या एका तालमीशी सामना ठरवलाच.

बार्शीला एस.टी.नं गेले. समोर सगळे पैलवान, पंच त्यांचेच वस्ताद. सामना सुरू झाला आणि त्यांच्यातला सर्वांत जाडजूड गडी सावकाश चालत आला आणि बसवराजच्या खांबाला टेकून उभा राहिला. बसवराजनं हताशपणे अण्णांकडं पाहिलं.

पहिला गोल झाल्यावर अण्णा वस्तादांकडं गेले. “वस्ताद, ही ऑफसाइड झाली.”

“कसली?”

अण्णांनी समजावून सांगितलं. वस्तादांनी शांतपणे ऐकून घेतलं. “आमच्यात असलं काय न्हाय,” ते म्हणाले. “आदी जाऊन उभा ऱ्हायला, ही त्याची हुशारी. तुमचा गडी का न्हाय ऱ्हायला?”

गिरणीनं सपाटून मार खाल्ला. एकदाच, अगदी शेवटी, बसवराजनं टाकलेला चेंडू भीमानं अंडं झेलल्यासारखा झेलला, मान वर केली, मानसिंगला दिला, पुढं पळत परत घेतला, पुन्हा दिला. पैलवान नुसते माना फिरवत राहिले. मानसिंगनं मारलेला चेंडू खांबाला लागून बाहेर गेला. परतीच्या एस.टी.त साहेब पुढच्या बाकावर एकटेच बसले. भीमा मात्र अण्णांच्या शेजारी येऊन बसला. “शेवटचं बगितलं का अण्णा?”

“बघितलं.”

“गोल न्हाय झाला त्याचं काय वाटंना. झ्याक झालं पर.”

सोमवारी नोटीस लागली. गिरणीच्या मैदानावर ऑफसाइड बंद. पंच म्हणून यापुढं साहेबांचा ड्रायव्हर. अण्णांनी शिट्टी पुसून परत केली. खिडकीशी रामराम पुन्हा सुरू झालं.

पुढच्या सामन्याला अण्णा लिंबाखाली बघ्यांत बसले. लोकांनी आरोळ्या देऊन भीमाला खांबाकडं पाठवलं. बसवराज खुशीनं म्हणाला, “ये की, किती दिस झालं.” भीमा टेकला. मेव्हणीचं काय झालं, विचारलं. बसवराज सांगत होता, पण भीमाचं लक्ष मैदानाच्या मध्यावर. तिथं सूतखात्याची पोरं चेंडू चुकीच्या माणसाला देत होती. “आरं, त्याला न्हाय,” तो पुटपुटला. मग “आलोच” म्हणून निघाला, तो सामना संपेपर्यंत खांबाकडं आलाच नाही. मध्ये त्यानं चेंडू घेतला, दिला, पळाला, परत घेतला. एकाला हूल दिली, आणि गोल.

अण्णांच्या शेजारी बसलेल्या मुकादमानं हळूच विचारलं, “अण्णा, तुमच्या हिशेबानं ही ऑफसाइड का?”

अण्णा आठवू लागले. चेंडू सुटला तेव्हा पुढं किती माणसं होती? त्यांना आठवेना. “ते बगायचं ऱ्हायलं,” ते म्हणाले.

मुकादमाला वाटलं, अण्णा अजून रुसलेत. त्यानं तसं कँटीनमध्ये सांगितलं. त्या आठवड्यात अण्णा चहाला आले की लोक जाणूनबुजून पावसापाण्याचं काढत. फुटबॉलचं नाव त्यांच्यापुढं कुणीच काढलं नाही. अण्णा चहा थंड होईतो बसून राहत, कुणीतरी विषय काढील म्हणून.